लिस्बनमधला माझा मंगळवार

दिवस पहिला, शनिवार

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे. त्यामुळे उतरताना विमान लाल कौलांच्या इतक्या जवळून जातं, की गच्चीवर वाळत घातलेले कपडेही दिसतात. धाकटा खिडकीला नाक लावून बसला होता. आम्ही सहा जण होतो: आम्ही दोघं, सतरा वर्षांची थोरली, अकरा वर्षांचा धाकटा आणि सासूबाई-सासरे. जूनचा पहिला आठवडा होता आणि रस्तोरस्ती जॅकरांडा फुललेले. पदपथाच्या पांढऱ्या-काळ्या दगडांवर जांभळ्या फुलांचा सडा पडलेला.

घर भाड्याने घेतलं होतं ग्रासा नावाच्या टेकडीवरच्या वस्तीत, पहिल्या मजल्यावर. घरमालकाने एकच चावी हातात दिली. दुसरी हरवली आहे म्हणाला. जाड, जुनी चावी, तिला लाकडाचा ठोकळा बांधलेला. सहा माणसं आणि एक चावी, तेव्हा एकत्रच बाहेर पडायचं आणि एकत्रच परतायचं, हे तिथेच ठरून गेलं.

संध्याकाळी जवळच्या मिरादोरूवर गेलो. मिरादोरू म्हणजे टेकडीच्या कडेचा सज्जा, जिथून शहर बघायचं. समोर किल्ला, खाली छपरांची उतरंड, लांब तेझु नदी (नकाशावर टेगस लिहिलेली असते ती) आणि तिच्यावरचा लाल लोखंडी पूल. हा पूल 1966 मध्ये झाला, तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. 25 एप्रिल 1974 ला सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली आणि पुलाला त्या तारखेचंच नाव मिळालं. बाबा, म्हणजे सासरे, कठड्याला टेकून बराच वेळ पूल बघत राहिले. त्यांची नोकरी पूल बांधण्यातच गेली.

दिवस दुसरा, रविवार

बेलें, शहराचा नदीकाठचा भाग. जेरोनिमुशचा मठ बघायला सकाळी नऊलाच रांग लागली होती. राजा मानुएल पहिला याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मठ बांधायला घेतला. पैसा आला पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारातून. खांबांवर दोरखंड, शिंपले, समुद्री वनस्पती कोरलेल्या आहेत. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची कबर आहे. 1498 मध्ये कालिकतला पोचलेला, 1524 मध्ये कोचीनला वारलेला हा माणूस. त्याच्या दगडी पुतळ्याचे हात छातीवर जोडलेले आहेत. मला तिथे थांबायचं होतं, पण मागून गर्दी रेटत होती, धाकट्याला भूक लागली होती, आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे बोलायला लागले होते. फोटो काढला आणि बाहेर पडलो.

कुणाचंच काही चुकत नव्हतं. सहा जण एकत्र फिरतात तेव्हा वेग सगळ्यात दमलेल्याचा असतो आणि थांबा सगळ्यात भुकेल्याचा. तो नियम मी कित्येक सहलींत पाळत आले आहे आणि आनंदाने पाळते.

दिवस तिसरा, सोमवार

रोसियू स्थानकातून लोकलने चाळीस मिनिटांत सिंत्रा. धुक्यात अर्धा बुडालेला पिवळा-लाल पेना राजवाडा, बसला गर्दी, तिकिटाच्या वेळेची धावपळ. मुलांना फार आवडलं.

रात्री जेवताना उद्याची आखणी निघाली. उद्या ओशियानारियू, म्हणजे 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं प्रचंड मत्स्यालय. सगळे तयार. मी म्हणाले, "मी नाही येत. उद्याचा दिवस मला एकटीला फिरायचंय."

थोरलीने काटा खाली ठेवला. "आई, एकटी? पूर्ण दिवस?"

"बरं नाहीये का तुला?" नवऱ्याने विचारलं.

मी छान होते. निघण्याआधी चार महिने मी ऑनलाइन पोर्तुगीज शिकत होते. आमच्या शिक्षिकेने एकदा पडद्यावर एक चित्र दाखवलं होतं: निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर रंगवलेलं संपूर्ण लिस्बन, साधारण 1700 सालचं. म्हणजे भूकंपाच्या आधीचं. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी या शहराचा बहुतेक भाग पडला, जळला आणि बुडाला. चित्रात दिसतं ते शहर आता जवळजवळ नाही. मला ते चित्र बघायचं होतं, मग त्यातल्या जागा आजच्या शहरात शोधायच्या होत्या. त्याला किती वेळ लागेल सांगता येत नव्हतं आणि त्या वेळात कुणाला ताटकळत ठेवायची माझी इच्छा नव्हती.

मी हे जमेल तसं सांगितलं. आई इतका वेळ भात चिवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे रे तिला. मासे काय, तुम्ही दाखवाल मला."

चावी त्यांच्याकडे ठेवायची ठरली. मी आले की बेल वाजवायची.

दिवस चौथा, मंगळवार

आठला जिना उतरले. खांद्याला छोटी पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली, वही आणि कागदी नकाशा. फोन होता, पण दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचलाच बघायचा असं ठरवलं होतं. पहिली दहा मिनिटं विचित्र गेली. रस्ता ओलांडताना हात आपोआप मागे जायचा, धाकट्याचा हात धरायला.

मंगळवारी आणि शनिवारी ग्रासाच्या उतारावर, सांता क्लारा मैदानात, फैरा दा लाद्रा या जुन्या वस्तूंच्या बाजाराचा दिवस असतो. जमिनीवर चादरी अंथरून लोक बसलेले. कुणाच्या आजीच्या बश्या, एका पायाची बाहुली, कॅमेरे, बिल्ले, रेकॉर्ड. जागोजागी जुन्या टाइल्सचे ढीग. एक उचलली. कोबाल्टचा निळा रंग, कोपऱ्यावर टवका उडालेला, मागे चुन्याचा थर अजून चिकटलेला. घ्यावीशी फार वाटली, पण तो चुना बघून ठेवून दिली. तो कुठल्या तरी भिंतीचा होता. इथे भिंतींवरच्या टाइल्स चोरीला जातात. इतक्या, की पोलिसांच्या संग्रहालयाने 2007 मध्ये त्या वाचवण्यासाठी खास मोहीम सुरू केली. माझ्या हातातली कुठून आली होती ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

तिथून चार पावलांवर एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टोपलीत नुसत्या चाव्या होत्या. शंभरेक तरी असतील. कपाटांच्या, पेट्यांच्या, दारांच्या. मी खाली बसले. बोटभर लांबीची एक लोखंडी चावी उचलली. डोक्याशी बदामासारखं भोक, दांड्यावर गंज आणि दाते इतके झिजलेले, की कुणीतरी ती आयुष्यभर रोज फिरवली असणार.

चार महिन्यांत घोटलेलं वाक्य काढलं. या चावीचे किती?

"दोइश युरुश," म्हातारा म्हणाला. दोन युरो. मग चावी हातात घेऊन सावकाश, मुलाला शिकवावं तसं म्हणाला, "शाव्ह." मी 'चावी'च्या अंगाने उच्चार केला होता, तो त्याने सुधारला.

हे आमच्या शिक्षिकेने सांगितलं होतं, पण तेव्हा ते माहिती म्हणून ऐकलं होतं. पोर्तुगीजमध्ये हा शब्द पूर्वी 'च'ने म्हणत. पुढे लिस्बनकडच्या बोलीत त्या 'च'चा 'श' झाला. मराठीने शब्द उचलला तो त्याआधीचा, वसई-चौलच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज होते तेव्हाचा. म्हणजे माझी चूक ही इथली जुनी बोली होती. भूकंपाआधीचं लिस्बन शोधायला मी निघाले होते आणि त्याचा एक तुकडा माझ्या तोंडात होता. तिथेच उकिडवी बसून मी वहीत लिहीत सुटले: चावी, लिलाव, बादली, घमेलं, परात, पगार, तुरुंग, फीत, बिजागरी. सगळे याच भाषेतून आलेले. म्हातारा बघत राहिला. मी दोन युरो दिले आणि चावी पिशवीत टाकली. घराची चावी नसलेल्या पिशवीत आता एक बिनघराची चावी होती.

मैदानाला लागूनच सांता एंग्रासियाचा पांढरा घुमट आहे. हे चर्च सतराव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलं आणि पुरं झालं 1966 मध्ये. कधीच न संपणाऱ्या कामाला इथे आजही 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. बाबांना सांगायला म्हणून तेही लिहून ठेवलं.

खाली नदीकाठी उतरून बस पकडली आणि टाइल्सच्या संग्रहालयाचा थांबा चुकवला. पुढच्या थांब्यावर उतरून रेल्वेच्या भिंतीकडेने, गोदामांच्या मधून पंधरा मिनिटं मागे चालत आले. सोबत सगळे असते तर मी या पंधरा मिनिटांत चारदा माफी मागितली असती. आज नुसती चालले.

संग्रहालय माद्रे द देउश या जुन्या मठात आहे. राणी लिओनोरने 1509 मध्ये स्थापलेला मठ. पोर्तुगीज लोक टाइलला अझुलेझु म्हणतात. शब्द अरबी, मूळ अर्थ घोटून गुळगुळीत केलेला दगड. खालच्या मजल्यांवर सुरुवातीच्या मूरिश (उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानी) घाटाच्या टाइल्सपासून आधुनिक कलावंतांच्या टाइल्सपर्यंत सगळं आहे. मठाच्या चर्चमध्ये तर वर सोन्याचा मुलामा दिलेलं लाकूडकाम आणि खाली डच कारागिरांच्या निळ्या टाइल्स. ते सगळं मी बघितलं, पण पाय वरच्या मजल्याकडे ओढत होते.

आणि मग ते चित्र समोर आलं. जवळजवळ 23 मीटर लांब. मूळ एका सरदाराच्या वाड्याच्या भिंतीवर होतं. चित्रकार गाब्रिएल देल बार्कु असावा असं मानतात. नदीतल्या होडीत बसून उत्तरेकडे बघावं तसा देखावा: डाव्या टोकाला आल्जेश, उजव्या टोकाला शाब्रेगश, म्हणजे हे संग्रहालय आहे तोच भाग. मधला 14 किलोमीटरचा काठ सलग.

लांबून बघितलं की शहर दिसतं. जवळ गेलं की एकेक टाइल वेगळी होते, साधारण 14 सेंटिमीटरचा चौकोन. एका चौकोनात अर्धी होडी असते, उरलेली अर्धी शेजारच्यात, आणि सांध्यावर शीड किंचित सरकलेलं. निळा रंग कुठे शाईसारखा दाट, कुठे इतका पातळ, की कुंचल्याचे केस मोजावेत. माणसं नखाएवढी. दोन फटकाऱ्यांत माणूस, एका ठिपक्यात डोकं. चेहरा नाही, पण वाकलेला आहे की घाईत आहे ते कळतं. मी डाव्या टोकापासून सुरुवात केली. बेलेंचा मनोरा ओळखू आला, परवाच बघितलेला. जेरोनिमुशही. मग पुढे सरकत सरकत राजवाड्यापर्यंत आले. पासु दा रिबैरा, नदीकाठचा वाडा, त्याचा भरभक्कम चौकोनी बुरूज, समोर मोकळं मैदान. या वाड्यात राजाचा ग्रंथसंग्रह होता. अंदाजे सत्तर हजार पुस्तकं, सगळी गेली. वाड्याला लागून पुढे एक भव्य ऑपेराघर बांधलं. 1755 च्या वसंतात ते उघडलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नाहीसं झालं. चित्रात ते नाही. चित्र त्याच्याही आधीचं.

तास उलटून गेला होता. दालनात बसलेली संग्रहालयाची कर्मचारी बाई, साठीची असेल, उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, फार जवळ गेले म्हणून सांगायला आली. तिने बोट काचेला लावावं तसं हवेत, टाइलपासून वीतभर दूर धरलं. किल्ल्याच्या खाली घरांची दाटी होती, तिथे. "मिन्या काझा," म्हणाली. माझं घर. अल्फामा. ती वस्ती टेकडीच्या खडकावर आहे, म्हणून भूकंपात बरीचशी तगली. घर तेच नसेल, पण गल्ली तीच आहे, हे तिने दोन्ही हातांनी वळणावळणाची वाट काढून सांगितलं. मग बोट पुन्हा त्या टाइलवर धरलं आणि हसली. मी वहीत त्या टाइलभोवतीच्या आठ टाइल्स जमतील तशा उतरवून घेतल्या. तिथून हलले तेव्हा मला तिथे पावणेदोन तास झाले होते.

एक वाजता मी चित्रातल्या राजवाड्यापुढच्या मैदानात उभी होते. आज त्याला प्रासा दु कुमेर्सिउ म्हणतात, व्यापारचौक. पण जुनी माणसं अजून तेर्रैरु दु पासुच म्हणतात, वाड्याचं मैदान. मेट्रोच्या स्थानकालाही तेच नाव आहे. वाडा जाऊन दोनशे सत्तरच्या आसपास वर्षं झाली, तरी मैदान त्याच्याच नावाने हाक मारतात. तिन्ही बाजूंना पिवळ्या इमारती, मध्ये घोड्यावरचा राजा जुझे, चौथी बाजू नदीला उघडी. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि दोन दगडी खांब. पायऱ्यांवर बसले.

त्या सकाळी सर्व संतांचा सण होता. चर्चं भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या. पावणेदहाच्या सुमाराला जमीन हलली. घरं पडायला लागली तशी माणसं या मोकळ्या जागेकडे, नदीकडे धावली. पडझडीपासून लांब म्हणून. आधी पाणी मागे हटलं, तळ उघडा पडला आणि मग लाट आली. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कितीतरी दिवस जळत राहिली. राजा त्या दिवशी बेलेंला होता म्हणून वाचला. पण त्यानंतर त्याने दगडी छपराखाली राहायचं नावच टाकलं. आजुदाच्या टेकडीवर लाकडाचा आणि कापडाचा वाडा उभारून आयुष्यभर तिथे राहिला.

हे पाण्याकडे बघत आठवत होते आणि मान वळवून नवऱ्याला म्हणणार होते, "इथे धावत आले असतील बघ." शेजारी परदेशी मुलगी सॅंडविच खात होती. त्या क्षणी तो हवा होता. फोन उघडला तर कुटुंबाच्या गटावर तीसेक फोटो: पेंग्विन, पाठीवर तरंगणारं समुद्री पाणमांजर, काचेला हात लावून उभे बाबा. मी पायऱ्यांचा एक फोटो टाकला. लगेच धाकट्याचं उत्तर आलं: "कुठला मासा?"

एका गल्लीतल्या लहानशा खाणावळीत बसले. एकट्या बाईला भिंतीकडचं टेबल मिळालं, आणि काल्दु वेर्द, म्हणजे हिरव्या पानांचं बटाट्याचं सूप. पानं कुठली विचारलं तर मालकीण म्हणाली, "कोव्ह." आपल्या कोबीचं मूळ. वहीत भर पडली.

मग बाइशा, म्हणजे भूकंपानंतर पुन्हा आखलेला सखल भाग. मंत्री पोंबाल आणि त्याचे लष्करी अभियंते मानुएल दा माया, एउजेनिउ दुश सांतुश, कार्लुश मार्देल. त्यांनी वेड्यावाकड्या गल्ल्या पुसून सरळ चौकटी आखल्या आणि रस्त्यांना धंद्यांची नावं दिली. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता. मोच्यांचा रस्ता, सापातैरुश. 'सापातु' म्हणजे बूट, तोच जुन्या मराठीतल्या सपातांचा शब्द. पण या इमारतींची खरी गोष्ट भिंतींच्या आत आहे. दगडविटांच्या आत लाकडाचा पिंजरा, उभ्या-आडव्या-तिरक्या वाशांचा. त्याला गायोला म्हणतात, पक्ष्याचा पिंजरा. जमीन हलली तर दगड सुटेल, पण लाकूड लवेल आणि इमारत उभी राहील. नमुना उभारून त्याच्या भोवती सैनिकांना जोरजोरात पाय आपटत कवायत करायला लावली, असं सांगतात. कुरिऐरुश रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन आहे. वाटाड्याबरोबर छोट्या तुकड्यांत खाली सोडतात. तिथे रोमन काळातली मासे खारवायची टाकी आहेत आणि त्यांच्याच शेजारी ओल्या जमिनीत ठोकलेले पाइनचे खुंट, ज्यांवर हा सगळा भाग उभा आहे. खाली पाण्याचा वास येतो.

रोसियूजवळच्या साउं दुमिंगुश चर्चमध्ये पाच मिनिटं म्हणून शिरले. भूकंपात पडलेलं, पुन्हा बांधलेलं आणि 1959 मध्ये आगीत जळालेलं चर्च. छत नवीन केलं, पण खांब तसेच ठेवले आहेत. टवके उडालेले, तडकलेले, काळवंडलेले. बाहेर एक स्मारक आहे, 1506 मध्ये इथून पेटलेल्या दंगलीत मारल्या गेलेल्या ज्यूंचं. आत एक बाई एकटीच बसून रडत होती. मी मागच्या बाकावर बसले आणि ती उठून गेल्यावर निघाले.

लोखंडी सांता जुश्ता लिफ्टपाशी लांब रांग होती, म्हणून जिन्याने कार्मुच्या चौकात चढले. 1974 मध्ये हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलु काएतानु याच चौकातल्या पोलीस छावणीत अडकला आणि शरण आला. आज तिथे जॅकरांडाखाली पोरं बसली होती. चौकाच्या कडेला कार्मुचा मठ, 1389 मध्ये सेनापती नुनु आल्व्हारेश पेरैराने उभारलेला. 1755 च्या त्या सकाळी प्रार्थना चालू असताना त्याचं छप्पर कोसळलं. ते पुन्हा घातलंच नाही. खांब आहेत, खांबांवरच्या दगडी कमानी आहेत, आणि कमानींच्या वर थेट आकाश. फासळ्या उरलेल्या, मधलं सगळं गेलेलं. खाली गवत. एक कबुतर एका कमानीवरून दुसरीवर गेलं तर पंखांचा आवाज भिंतीभिंतीतून फिरला.

मी मधोमध उभी राहून वर बघत होते. एरवी कुठल्याही पडक्या वास्तूत मी माहिती वाचते आणि मोठ्याने सांगते, ते माझंच काम असतं. आज सांगायला कुणी नव्हतं. दिवसभर ज्याच्याबद्दल वाचत, बघत, लिहीत होते, ते इथे नुसतं उघडं होतं. रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

पाचला निरोप टाकला: उशीर होईल, जेवून घ्या. परतीला मुद्दाम अल्फामातून गेले. संत अंतोनियूचा सण आठवड्यावर आला होता. गल्लीगल्लीत रंगीत कागदी झिरमिळ्या, खिडक्यांत मांजेरिकूच्या कुंड्या. मांजेरिकू म्हणजे बारीक पानांची, चेंडूसारखी गोल दिसणारी तुळशीचीच एक जात. प्रत्येक कुंडीत कागदाचं फूल आणि चिठ्ठीवर चार ओळींची कविता. वहीतल्या आठ टाइल्स घेऊन त्या बाईंची गल्ली शोधायचा प्रयत्न केला आणि पूर्ण हरवले. त्याच कारंज्यापाशी तिसऱ्यांदा आले तेव्हा वरच्या खिडकीतून एक आजी ओरडल्या आणि हाताने वर, वर, डावीकडे असं दाखवलं. मी दोन पायऱ्या चढून चुकीची वळले की पुन्हा ओरडायच्या. असं त्यांनी मला नजरेआड होईपर्यंत वर पोचवलं. वाटेत आईंसाठी एक मांजेरिकू घेतला. विकणारीने बजावलं, याला नाक लावून वास घ्यायचा नाही, हात फिरवायचा आणि हाताचा घ्यायचा.

साडेआठला, अजून उजेड असताना, बेल वाजवली. जिन्यावरून चार पायांचा धावता आवाज आला. "आली!" धाकटा दार उघडायच्या आधीच ओरडला.

दिवस पाचवा, बुधवार

नवऱ्याला आणि थोरलीला कार्मुला घेऊन गेले. थोरलीने कमानींखाली आडवं पडून फोटो काढले. नवरा म्हणाला, "काल तू इथे किती वेळ होतीस?" आणि मग कोपऱ्यातल्या दगडावर बसून राहिला, मला घाई न करता. दुपारी सगळे बोटीने पलीकडे काठावरच्या कासिल्याशला गेलो. पाण्यावरून शहर दिसलं ते अगदी त्या टाइल्सच्या कोनातून. मी वही उघडून बाबांना राजवाड्याची मोकळी जागा दाखवली. त्यांनी गायोलाचे वाशे कसे जोडलेले असतील ते माझ्याच पेनाने वहीत काढून दाखवलं, तिरका टेकू कुठला जोर घेतो ते बाण काढून.

दिवस सहावा, गुरुवार

विमान दुपारी. सकाळी बॅगा भरायची धांदल. मांजेरिकू विमानातून नेता येणार नव्हता. आईंनी त्याला पाणी घातलं, तळवा फिरवला, हुंगला आणि शेजारच्या घराच्या दाराशी ठेवून आल्या. मग मी कपडे घडी करत होते तिथे येऊन उभ्या राहिल्या.

"चावी दे गं जरा."

"कुठे जायचंय? थांबा, मी येते."

"नको. तो खालचा चौक आहे ना, झाडाखाली बाक आहे. तिथे बसून येते. एकटीच." जरा थांबून म्हणाल्या, "तासभर."

मी लाकडी ठोकळ्याची चावी त्यांच्या हातात दिली. जिन्यात त्यांच्या काठीचा आवाज एकेक पायरी उतरत गेला. मी खिडकीशी गेले. त्या बाकापर्यंत पोचल्या, बाकावरची जांभळी फुलं हाताने बाजूला केली, बसल्या, पदर सारखा केला. कुणी एक बाई कुत्र्याला घेऊन जाताना त्यांना काही बोलली. त्यांनी मान हलवली. धाकटा माझ्या शेजारी येऊन "आजी!" अशी हाक मारणार होता, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. आई वर बघत नव्हत्या. चावी मांडीवर ठेवून समोर चाललेली ट्राम बघत होत्या.